मायेनच्या काठाने, गाड्यांशिवाय: आई-बाबांना पत्र

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही विचारलंत, "या वयात सायकल, तीही परक्या मुलखात, झेपेल का?" फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून पाठवतेय. झेपेल. रस्ता अवघड नाही आणि अंतराचीही काळजी नको. तयारी करायची ती थांबण्याची, उतरण्याची आणि जेवणाच्या वेळांची.

आपण जाणार ती मायेन नदी फ्रान्सच्या पश्चिमेला, नॉर्मंडीच्या खालच्या अंगाला आहे. मायेन गावापासून लाव्हाल, शातो-गोंतिए आणि पुढे थोडं, अशी साधारण ८५ किलोमीटरची वाट नदीच्या अगदी काठाने जाते. एकोणिसाव्या शतकात बोटींच्या वाहतुकीसाठी ही नदी बांधून काढली, तेव्हा काठावरून दोराने बोट ओढणाऱ्या माणसांसाठी आणि घोड्यांसाठी ही वाट होती. बोट ओढणाऱ्याला चढ परवडत नाही, म्हणून ती सपाट आहे. आता सुरुवातीलाच निळी चौकोनी पाटी असते, तिच्यावर सायकल आणि पायी चालणारा. म्हणजे मोटारी आणि मोटरसायकली बंद. देखभालीची एखादी गाडी सोडली तर इंजिनाचा आवाज येत नाही. गाड्या भेटतात त्या गावात आणि पुलांपाशी वाट डांबरी रस्ता ओलांडते तिथे. तिथे उतरूनच पलीकडे जायचं. शातो-गोंतिएच्या पुढे दहाबारा किलोमीटरनंतर मात्र आंजेकडे जाताना बराच भाग गावच्या छोट्या रस्त्यांवरून आहे. तो आपण करायचा नाही.

वाट बारीक खडी आणि मुरूम दाबून केलेली आहे. कोरडी असली की छान पळते. पाऊस झाला की पिवळट चिखल चेनवर आणि पायावर उडतो, म्हणून मडगार्डशिवायची सायकल घ्यायची नाही. मी ३८ ते ४२ मिलिमीटर रुंद टायरच्या, आडवा दांडा नसलेल्या बॅटरीच्या सायकली सांगणार आहे. आई, तुला पाय उंच टाकावा लागणार नाही. इथल्या नियमाप्रमाणे त्यांची मोटर २५० वॅटची असते आणि पॅडल मारलं तरच मदत करते. ताशी २५ किलोमीटरला मदत थांबते. आपण १२-१४ च्या वेगाने जाऊ. मदतीचा सर्वात खालचा टप्पा लावला तर सपाटीवर एका चार्जिंगमध्ये आपला दिवस सहज निघतो. सगळ्यात वरच्या टप्प्यावर ठेवलं तर बॅटरी निम्म्याहून कमी अंतरात बसते, आणि मग २५ किलोची सायकल नुसत्या पायांनी ढकलायची वेळ येते. बाबा, हे खास तुमच्यासाठी.

आता सर्वात महत्त्वाचं: ब्रेक. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. इथे उलट: डावा पुढचा, उजवा मागचा. घाबरून माणूस सवयीचा हात आवळतो. डावा एकटा जोरात दाबला तर पुढचं चाक जागीच अडतं, आणि खडीवर ते सरकतं. म्हणून एकच सवय लावून घ्या: दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाबायचे. आतापासून घरच्या सायकलवर, समोरच्या मैदानात, रोज दहा मिनिटं. चालू सायकल दोन्ही ब्रेकने थांबवायची, आधी डावा पाय टेकवायचा आणि मगच सीटवरून उतरायचं. चालवण्याचा सराव नसला तरी चालेल, थांबण्याचा हवाच. इथे उजव्या बाजूने चालतात, मागून येणारा डावीकडून पुढे जातो. घंटी ऐकू आली की उजवीकडे सरका, मागे वळून बघू नका. मान वळली की हँडलही वळतं, आणि एका बाजूला नदी आहे, कठडा नाही.

वाटेत दर काही किलोमीटरला लॉक लागतो. एका अंगाला नदी अडवणारा बुटका बंधारा, दुसऱ्या अंगाला बोटींसाठी दोन दरवाज्यांचा दगडी हौद, शेजारी राखणदाराचं घर आणि त्यापुढे गुलाब. बोट हौदात घेतात, दरवाजा लावतात, झडप उघडून पाणी भरतात किंवा सोडतात आणि बोट पुढच्या पातळीवर जाते. नदी उतरते ती इथेच, त्यामुळे वाटेलाही इथे छोटा उतार असतो. उतार संपतो तिथे बऱ्याचदा मोटरसायकली येऊ नयेत म्हणून लोखंडी आडकाठ्या नागमोडी लावलेल्या असतात. मागच्या बॅगांसकट सायकल तिथे अडकते. चालवत पार करायचा मोह नको. वीस पावलं आधी उतरा आणि हातात धरून न्या. लॉक म्हणजे आपला थांबा: पाणी, बाक, सावली, काही ठिकाणी स्वच्छतागृह. कागदी रुमाल जवळ ठेवाच.

वाटेवर आणखी काय नडतं तेही सांगते. झाडांच्या मुळांनी वाट मध्येच उचललेली असते, तिथे वेग कमी करा. कडेचं गवत कितीही मऊ दिसलं तरी त्यावर सायकल घालू नका. रागोंदँ नावाचा घुशीसारखा, पण कितीतरी मोठा पाणउंदीर काठात बिळं करतो आणि कड आतून पोकळ होते. मासे धरणाऱ्यांचे लांबलचक गळ कधीकधी वाटेवर आडवे असतात. लांबून घंटी वाजवा, ते उचलून घेतात, "बोंज्यूर" म्हणायचं आणि पुढे. कडेला खाजखुजलीसारखी झुडपं आहेत, हात लागला की तासभर आग होते. गवतात बसलात तर रात्री पाय आणि गुडघ्यामागची जागा गोचिडीसाठी तपासा. चावली असेल तर सांगा, चिमट्याने काढू. लाजू नका, गोचिडीमुळे होणारा आजार वाईट असतो.

सीटची उंची हा गुडघ्यांचा प्रश्न आहे. सीट खाली असली की वाकलेल्या गुडघ्यावर जोर येतो आणि पुढून दुखायला लागतं. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली, पॅडल सर्वात खाली असताना पाय सरळ झाला, की उंची बरोबर. भीती वाटत असेल तर पहिल्या दिवशी बोटभर खाली ठेवू, नंतर वर घेऊ. गादीच्या चड्ड्या मी इथून घेतेय. आई, संकोचाचं वाटेल, पण त्यांच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवण घासून जखम होते. ओढणी घरी ठेवायची. सैल सलवारीची उजवी बाजू चेनमध्ये जाते, म्हणून तिथे रबर किंवा पट्टी.

पंक्चर काढायचं तुमच्यावर नाही, पण हवा भरणं बाबांनी शिकून ठेवा. इथल्या बऱ्याच ट्यूबांचा व्हॉल्व्ह बारीक असतो. टोकाची छोटी चकती सैल करायची, बोटाने एकदा दाबून फुस्स करायचं आणि मगच पंप लावायचा. चकती घट्ट असताना पंप मारत बसलात तर हवा जात नाही आणि टोक वाकतं. काटेरी कुंपण छाटलेल्या दिवसांत पंक्चर जास्त होतात, म्हणून दोन जास्तीच्या ट्यूब घेऊ.

खाण्यापिण्याचं गणित मात्र खरंच चोख ठेवावं लागतं. हॉटेलं दुपारी साधारण १२ ते २ एवढीच वाढतात. अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर बंद, कितीही विनवा. बेकऱ्या बऱ्याच गावांत सोमवारी बंद आणि रविवारी दुपारनंतर बहुतेक सगळंच. म्हणून सकाळी निघतानाच पाव, टोमॅटो, केळी बॅगेत. शाकाहारी म्हटलं तरी सॅलडमध्ये 'लार्दों', म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालून आणतात, त्यांच्या लेखी ती चवीपुरती गोष्ट असते. "सां व्यांद, सां लार्दों, सां प्वासों" (मांस नको, लार्दों नको, मासे नकोत) पाठ करा. भरवशाचं म्हणजे गालेत: कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं, आत चीज आणि मश्रूम सांगायचं. 'कोंप्लेत' म्हणाल तर हॅम आणि अंडं येईल. आंत्रामच्या मठात, जिथे १८१५ साली साधू आले आणि ज्याच्या नावाचं पोर-साल्यू चीज प्रसिद्ध झालं, तिथे काठावरूनच जाणार आहोत. आई, इथल्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. तुला चालणार नसेल तर आधी सांग, मी पाकिटावर बघून घेईन.

बाबा, तुमची साखर. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन व्यायाम केला की साखर खाली उतरू शकते. त्या दिवसांत डोस तसाच ठेवायचा की कमी करायचा, हे आपल्या डॉक्टरांना विचारून लिहून आणा, मनाने बदलू नका. ग्लुकोजची पुडी हँडलच्या पिशवीत, मागच्या बॅगेत नाही. घाम, थरथर वाटली की थांबून तीन चमचे घ्यायचे, नंतर केळं. औषधं दोघांचीही विमानात हातातल्या सामानात, प्रिस्क्रिप्शनसकट. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच, त्यात सायकल चालवणं वगळलेलं नाही ना ते वाचून घ्या.

बेत असा. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून लाव्हालला टीजीव्हीने, म्हणजे इथल्या वेगवान रेल्वेने, सव्वा तासाच्या आसपास. सायकली तिथेच भाड्याने. पहिल्या दिवशी फक्त गावात, हात बसवायला. आई, आंरी रूसो हा चित्रकार इथे १८४४ साली जन्मला, त्याची समाधी नदीवरच्या पेरीन बागेत आहे. बाग चढावर आहे, सायकल खाली लावून जाऊ. दुसऱ्या दिवशी दक्षिणेला शातो-गोंतिए, पस्तीसेक किलोमीटर, सकाळी आठला निघून दोनच्या आत. तिथे मुक्काम, एक दिवस आराम, मग त्याच वाटेने परत. वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून असतो, तर जाताना तो तोंडावर आणि परतताना पाठीशी. आलेल्याच वाटेने परत का, असं विचाराल. शातो-गोंतिएला प्रवासी रेल्वे नाही, आणि बसमध्ये तीन जड सायकली चढवण्याची खात्री नाही.

सामान प्रत्येकी पाच किलोच्या वर नको. जास्त झालं की मागचं चाक डुलतं आणि सायकल उभी करताना कलंडते.

आता तुमच्याकडचं काम. चपला काढून भिंतीला पाठ लावून उभे राहा, मांड्यांमध्ये पुस्तक घट्ट वर दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. दोघांचं वेगवेगळं, दोनदा. शिवाय दोघांची उंची आणि वजन. दुकानदार त्यावरूनच सायकलीचा आकार ठरवतो. व्हॉट्सअ‍ॅप करा, म्हणजे मी बुकिंग करते.

तुमची,
लेक