आबांचे कागद कुणी जाळले? संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांस,

स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. थोडी शेती आहे, जोडीला झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या मंगळवारी लष्कराकडून स्पीड पोस्टाने चार ओळींचं पत्र आलं. माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, सेवेची आणि दवाखान्याची कागदपत्रं 25 वर्षांची मुदत संपल्याने नष्ट करण्यात आली आहेत. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या दाव्याचा विचार व्हावा असं वाटत असल्यास मूळ वैद्यकीय कागदपत्रं सादर करावीत. दोन्ही वाक्यं एकाच कागदावर, एकाच सहीखाली. जे तुम्ही जाळलंत तेच आम्ही आणून द्यायचं.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आबा ऑगस्ट 1971 मध्ये भरती झाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे येत होते, लढाई पेटणार हे आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांनाही कळत होतं. ट्रेनिंग सेंटरात नोव्हेंबरमध्ये दोरावर चढताना ते वरून पडले आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. 3 डिसेंबरला युद्ध सुरू झालं तेव्हा ते लष्करी दवाखान्यात पायाला वजनं बांधून पडलेले होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले. आघाडीवरचे जखमी यायला लागले तशी आबांची खाट व्हरांड्यात सरकवली, आणि त्याबद्दल त्यांनी आजवर ब्र काढलेला नाही. "त्यांचं मोठं होतं, आपलं काय," एवढंच म्हणतात. 16 डिसेंबरला ढाक्यात शत्रू शरण आला, त्या रात्री शेजारच्या खाटेवरच्या जवानानं त्यांना पेढा भरवला. मार्चमध्ये मेडिकल बोर्ड बसला आणि आबा बोर्डआऊट झाले, म्हणजे सेवेतून काढले गेले. हातात रेल्वे वॉरंट आणि डिस्चार्जचा कागद. त्यावर कारण एका ओळीत: वैद्यकीयदृष्ट्या अपात्र.

त्या एका ओळीनं आमच्या घराची पन्नास वर्षं खाल्ली.

पाय दीड इंच आखूड राहिला. गावच्या चांभाराने डाव्या चपलेला टायरचा जाड थर ठोकून दिला. तो झिजला की नवा थर, असे किती थर झिजले त्याचा हिशोब नाही. कारखान्यावर वॉचमनची रात्रपाळी करून त्यांनी आम्हा तिघा भावंडांना शिकवलं. तीन वर्षांपूर्वी त्याच बाजूचा खुबा बदलावा लागला. एक लाख ऐंशी हजार. आईच्या पाटल्या गहाण पडल्या त्या अजून सुटल्या नाहीत. पेन्शन नाही म्हणून माजी सैनिकाचं ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, नाही. आणि गेल्या वर्षी माजी सैनिकांच्या मेळाव्यात व्यासपीठावरून आम्हाला सांगितलं गेलं, "कागदाअभावी एकही प्रकरण अडणार नाही." मी तिथे टाळ्या वाजवल्या होत्या, साहेब. त्याची आज लाज वाटते.

आता तुमच्याच नियमांबद्दल बोलू. जवानाला ट्रेनिंगमध्ये इजा झाली की आयएएफवाय-2006 नावाचा फॉर्म भरतात. कुठे, कसं, ड्युटीवर असताना लागलं का, ते सगळं त्यात असतं. पुढे दवाखान्याचं भरती रजिस्टर, केसशीट, बोर्डाचे कागद. अपंगत्व निवृत्तिवेतन मिळणार की नाही ते यावरच ठरतं. त्यातला एकही कागद आबांच्या हातात दिला नाही. एकोणीस वर्षांच्या, प्लास्टरमध्ये पडलेल्या पोरानं तो मागून घ्यायला हवा होता का?

आणि पेन्शन न मिळालेल्या जवानाचे कागद 25 वर्षांनी नष्ट करायचे, हा लष्कराचा नियम. म्हणजे ज्याला कागदाची खरी गरज, त्याचेच आधी जाळायचे. आबांची 25 वर्षं 1997 मध्ये संपली. माहितीचा अधिकार आला 2005 मध्ये. मधल्या काळात घरी एक पोस्टकार्ड तरी टाकायचं होतं, की बाबा रे, तुझे कागद जाळतोय, हवे असतील तर घेऊन जा! काही पैशांचंच कार्ड होतं तेव्हा. जून 2021 मध्ये आपल्याच मंत्रालयाने जाहीर केलं की युद्धांचा इतिहास लिहायचा, त्यासाठीचे दस्तऐवज साधारण 25 वर्षांत खुले करायचे. तेच मंत्रालय, तीच 25 वर्षं. सेनापतींचे कागद इतिहासाला आणि शिपायाचे भट्टीला.

अमेरिकेत 1973 च्या जुलैत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली, दीड कोटीहून जास्त सैनिकांच्या फायली गेल्या. तिथे तो अपघात होता. पुढे 1988 मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या आणि कोरियाच्या वेळच्या लष्करी दवाखान्यांतल्या भरतीच्या नोंदी जुन्या संगणकी टेपांवर सापडल्या, सुमारे 78 लाख, आणि त्या माजी सैनिकांचे दावे सोडवायला वापरल्या. आपल्याकडे आग लागत नाही, आपण वेळापत्रक पाळून लावतो. असे कागद गेलेले आमच्या एका गावात चौघे आहेत. देशात पन्नास हजार तरी असतील. आकडा चुकला असेल तर खरा तुम्हीच सांगा, मोजायची माणसं तुमच्याकडे आहेत.

जुलै 2020 मध्ये दहा वर्षं सेवा न झालेल्यांनाही इनव्हॅलिड पेन्शन, म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरून बाहेर पडलेल्यांचं निवृत्तिवेतन, देण्याचा निर्णय झाला. मी रात्री दुकानातून धावत घरी आलो होतो. पुढची ओळ नंतर वाचली: 4 जानेवारी 2019 रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांनाच. आबा 47 वर्षं आधी पडले!

भरतीच्या वेळी धडधाकट म्हणून घेतलेला जवान पुढे आजारी पडला तर तो आजार सेवेमुळेच असं धरून चालायचं, उलट असेल तर सरकारनं सिद्ध करायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2 जुलै 2013 रोजी सांगितलं आहे. मग हाड मोडलेल्या माणसाकडून पुरावा कसला मागता? लाँग रोल, म्हणजे जवानांच्या नावांची कायमची नोंदवही, नष्ट करत नाहीत, त्यातली आबांची नोंद काढा. त्या दवाखान्याच्या गोदामात 1971 चं भरती रजिस्टर शोधायला एक माणूस लावा. आणि यापुढे कुणाचेही कागद जाळण्याआधी त्याला एक प्रत द्या. झेरॉक्स दोन रुपयांत होते, मी फुकट काढून देईन.

मंगळवारचं पत्र मी अजून आबांना दाखवलेलं नाही. दुकानातल्या गल्ल्याखाली ठेवलंय. ते रोज दुपारी काठी टेकत येतात, बाकावर बसतात आणि विचारतात, "आलं का रं काय?" मी मशीन चालू करतो.

उत्तर त्यांच्या नावाने पाठवा.

आपला,
एका बोर्डआऊट रंगरुटाचा मुलगा