संमेलनात एक हस्तलिखित कट्टा पण हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत मध्यंतरी एक लेख आला होता, नवीन लेखकांना प्रकाशक मिळत नाही आणि मिळालाच तर आधी पैसे मागतो, असा. इकडे अमेरिकेत एडिसनला बसून ई-पेपरवर वाचला, मग आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच चाललं होतं नंतर. लेख पटला, पण शेवटी "प्रकाशकांनी नव्यांना संधी द्यावी" एवढं म्हणून विषय सोडून दिलाय. संधी द्यावी म्हणजे नक्की काय करावं? कुठे, कोणी, किती वाजता? म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मधला हिशोबाचा भाग ठेवा प्लीज.

माझं म्हणणं असं की दरवर्षी आपलं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं, ग्रंथदिंडी निघते, परिसंवाद होतात, कविकट्टा असतो, गझलकट्टा असतो, पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगाच्या रांगा असतात, म्हणजे मराठीतले बहुतेक मोठे प्रकाशक तीन दिवस एकाच मैदानात बसलेले असतात, आणि तरी ज्याची पहिली कादंबरी घरी लिहून तयार आहे त्या माणसाने तिथे कोणासमोर जाऊन बसावं अशी एक खुर्ची सुद्धा नसते. तो बिचारा स्टॉलवर जातो, काउंटरवरचा मुलगा म्हणतो साहेब जेवायला गेलेत, संपलं.

इकडे अमेरिकेत हे जरा वेगळं चालतं. इथले जे पाच मोठे प्रकाशक आहेत (पेंग्विन रँडम हाऊस, हार्परकॉलिन्स, सायमन अँड शुस्टर, हॅशेट, मॅकमिलन) ते सहसा थेट लेखकाचं हस्तलिखित उघडतच नाहीत, मध्ये एजंट लागतो, म्हणजे लेखकाच्या वतीने पुस्तक प्रकाशकाकडे नेणारा मधला माणूस. एजंटला गाठायचा नेहमीचा रस्ता म्हणजे क्वेरी, साधारण तीनशे शब्दांची ईमेल, त्यात पुस्तक काय आहे, किती शब्दांचं आहे, गेल्या तीन-चार वर्षांतल्या कुठल्या पुस्तकांच्या शेजारी ते ठेवता येईल, आणि तुम्ही कोण. ती पाठवायची आणि महिनोन्‌महिने वाट बघायची, बऱ्याचदा उत्तरच येत नाही, उत्तर न येणं हेच उत्तर समजायचं असं कित्येक एजन्सींच्या वेबसाइटवर चक्क लिहिलेलं असतं.

दुसरा रस्ता कॉन्फरन्सचा, म्हणजे लेखक आणि एजंट जमतात त्या मेळाव्याचा. रायटर्स डायजेस्ट म्हणून 1920 पासूनचं नियतकालिक आहे, त्यांच्या कॉन्फरन्समध्ये पिच स्लॅम नावाचा प्रकार असतो. एका एजंटसमोर तीन मिनिटं, त्यातली दीड मिनिटं तुम्ही आपल्या पुस्तकाबद्दल बोलायचं, दीड मिनिटं तो बोलणार, घंटा वाजली की उठायचं आणि दुसऱ्या रांगेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉन्फरन्समध्ये तर याला स्पीड डेटिंगच म्हणतात.

मी गेले होते ती यापेक्षा लहान, इथेच जवळच्या एका हॉटेलात होती. हॉलच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये पन्नाशी-साठीची माणसं भिंतीकडे तोंड करून पुटपुटत फेऱ्या मारत होती, अगदी तोंडी परीक्षेच्या आधी मुलं मारतात तशी. आत छोटी टेबलं, प्रत्येकावर एजंटच्या नावाची पाटी आणि कोणाला काय चालतं ते लिहिलेलं, कोणी फक्त थ्रिलर घेतं, कोणी मुलांची पुस्तकं, कोणी आत्मचरित्र. माझ्या पुढचा गृहस्थ मधमाश्या पाळण्यावर पुस्तक लिहीत होता. त्याला समोरून पहिलाच प्रश्न आला, तुमच्या मागे लोक किती आहेत, न्यूजलेटर किती जणांना जातं? कारण कथेतर पुस्तकाला इथे पूर्ण हस्तलिखित लागत नाही, प्रपोजल (पुस्तकाचा आराखडा) आणि एक-दोन नमुन्याची प्रकरणं चालतात, पण लेखकाला ओळखणारे वाचक आधी दाखवावे लागतात. कादंबरीचं बरोबर उलटं, ती शेवटच्या ओळीपर्यंत लिहून झाली नसेल तर तिथे जाऊच नये, "अजून लिहितोय" म्हटलं की समोरचा हसून "झाली की पाठवा" म्हणतो आणि उरलेला वेळ हवापाण्यावर जातो.

माझी कादंबरी लालबागच्या एका खाणावळवाल्या बाईची. मी आपलं 18 जानेवारी 1982 पासून सुरू केलं, अडीच लाख गिरणी कामगार, डॉ. दत्ता सामंत, मालक, संप कसा लांबत गेला. एजंट बाईंनी हात वर केला आणि विचारलं, हे सगळं चालू असताना तुमची बाई काय करत्येय? मी म्हटलं, भाकऱ्या थापतेय आणि उधारीची वही नवऱ्यापासून लपवून ठेवतेय, कारण त्यात अर्ध्या चाळीची नावं आहेत आणि तो वसुलीला निघेल. त्या म्हणाल्या, मग हे आधी सांगा ना! माझ्या घरात ती कादंबरी वाचून चांगली झालीय म्हणणारी बरीच माणसं आहेत, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पहिली पन्नास पानं पाठवायला सांगितली, पाठवली, पुढे दोन ओळींचा सभ्य नकार आला. आला ते आला, पण वहीचा प्रसंग मी उचलून पहिल्या प्रकरणात आणला आणि कादंबरी सुधारली हे मलाच दिसतंय.

आता याची दुसरी बाजू सांगते नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई अमेरिकेचं कौतुक करायला बसली. एक तर हे सगळं पैसे भरून. कॉन्फरन्सची फी काहीशे डॉलर, वर हॉटेल, आणि कित्येक ठिकाणी एजंटसमोर बसायचे वेगळे पैसे. आणि टेबलावर मिळालेला होकार फार स्वस्त असतो. समोर घामेघूम झालेला माणूस बसलाय, त्याला तोंडावर नाही म्हणणं जिवावर येतं, म्हणून बरेच एजंट बऱ्याच जणांना "दहा पानं पाठवा" म्हणून टाकतात. खरा निर्णय पानं वाचूनच होतो, आणि त्याच एजंटची क्वेरीची पेटी घरबसल्या फुकटात उघडी असते. गर्दीत न बोलू शकणारा उत्तम लेखक तिथे आपटतो आणि विमा विकणारा तरून जातो, हे पण आहेच.

पण एक गोष्ट मात्र त्यांनी पक्की केलीय. एजंटने वाचायचे पैसे घ्यायचे नाहीत. पुस्तक विकलं गेलं तर लेखकाला जे मिळेल त्यातले साधारण 15 टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर बहुधा 20, नाही विकलं तर शून्य. वाचायचे पैसे घ्यायचे नाहीत हे एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेतच आहे. भामटे इथेही भरपूर आहेत, खोट्या एजन्सी, नामांकित प्रकाशकांच्या नावाने आलेल्या बनावट ईमेल, सगळं चालतं, पण त्यावर नजर ठेवणारी रायटर बिवेअर नावाची मंडळी 1998 पासून जाहीरपणे लिहितायत. पैसा लेखकाकडे यायला हवा, लेखकाकडून जायला नको, हे इथल्या नवशिक्याला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगतं.

मग मराठीत एजंट का नाहीत? तर हिशोब करा. समजा तीनशे रुपयांचं पुस्तक, हजाराची आवृत्ती (आजकाल पाचशेचीच काढतात म्हणा), सगळी खपली, दहा टक्के रॉयल्टी धरली. लेखकाला तीस हजार. त्याचे पंधरा टक्के साडेचार हजार. एवढ्यासाठी कोण वर्षभर एका कादंबरीच्या मागे फिरणार? दिल्ली-जयपूरकडे एजन्सी आहेत, जयपूरची सियाही बऱ्याच जणांना माहीत असेल, पण त्यांचं मुख्य काम इंग्रजीत. तेव्हा "आपल्याकडेही एजंट हवेत" असं जे ग्रुपवर चाललं होतं ते सोडून द्यावं, ते या आकड्यात बसत नाही.

आपल्याकडे एजंटचं अर्धं काम संपादक करायचे. मौज प्रकाशनात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखितावर किती बारकाईने काम करायचे हे त्या पिढीच्या लेखकांनी वेळोवेळी लिहिलंय. आज ती परंपरा काही मोजक्या ठिकाणी आहे, बाकी ठिकाणी काय चालतं ते तुमच्या लेखात आलंच आहे, पैसे भरा, वर तीनशे प्रती तुम्हीच घ्या, प्रकाशन समारंभाचा हॉल, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची गाडी पण तुमचीच. माझ्या डोंबिवलीच्या नात्यातच एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांच्या दिवाणात गाद्या नाहीत, आत्मचरित्राचे गठ्ठे आहेत. पुस्तक वाईट नाहीये हो. छापण्याआधी कोणी एकाने नीट वाचून "सर, पहिली साठ पानं उडवा, शाळेपासून सुरू करा" एवढं म्हटलं असतं तर बात वेगळी होती. सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ती चांगलीच आहे, पण ती छपाईला मदत करते, समोरासमोर बसून बोलणं हे काम वेगळं.

आणि हे काही बाहेरून आणलेलं खूळ नाही. आज ज्याला आपण साहित्य संमेलन म्हणतो त्याची सुरुवात न्या. रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने 1878 च्या मे महिन्यात पुण्याला ग्रंथकारांची सभा म्हणून झाली, मराठी ग्रंथांचा प्रसार व्हावा म्हणून. पुढे 1885 च्या सभेचं बोलावणं आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी यायला साफ नकार देणारं पत्र लिहिलं, ज्यांच्या सभेत आणि पुस्तकात आमच्या हक्कांना जागा नाही त्यांच्यात आम्ही मिसळणार नाही अशा अर्थाचं. दारात कोणाला घेणार हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आज पुण्या-मुंबईत ओळख असेल तर हस्तलिखित संपादकाच्या टेबलापर्यंत पोचतं, किनवटच्या किंवा अक्कलकुव्याच्या मुलीने कोणाला फोन करायचा?

म्हणून म्हणते, कविकट्ट्याशेजारी एक हस्तलिखित कट्टा करा. सात-आठ टेबलं, प्रत्येक टेबलावर एका प्रकाशनसंस्थेचा संपादक, मालक नको, मालक असला की बोलणं प्रती किती घेणार यावर जातं. दिवसातून दोन तास. प्रत्येकाला दहा मिनिटं, तीन मिनिटांत आपल्या माणसाचा नमस्कार-चमत्कारच होतो. लेखकाने नाव आधी नोंदवायचं, एक पान सारांश आणि पहिली दहा पानं महिनाभर आधी पाठवायची, म्हणजे जो बोलायला बुजतो त्याचंही लिखाण टेबलावर असेल. नावं जास्त आली तर चिठ्ठ्या टाका, आणि निम्म्या चिठ्ठ्या पुणे-मुंबई-ठाण्याबाहेरच्यांसाठी बाजूला ठेवा. फी शून्य, आणि टेबलावर पैशाचा विषय काढणाऱ्या प्रकाशकाला पुढच्या वर्षी बोलवायचं नाही, हे आधीच छापून टाका. कवितासंग्रहांना एक वेगळी सकाळ द्या, नाहीतर चेंगराचेंगरी होईल, हसू नका, तुम्हालाही माहितीये. जमलं तर एक टेबल अनुवादाचं असू दे. 2022 ला हिंदीला आणि 2025 ला कन्नडला इंटरनॅशनल बुकर मिळालं, तिथे बक्षिसाची रक्कम लेखक आणि अनुवादक दोघांत सारखी वाटतात, आणि आपल्याकडे चांगलं मराठी पुस्तक इंग्रजीत न्यायचं तर अनुवादक गाठायचा कसा हे भल्याभल्यांना ठाऊक नसतं.

संपादकांना वेळ नसतो असं लगेच कोणीतरी म्हणेल. परिसंवादात "नवलेखन: दिशा आणि आव्हाने" वर दोन तास बोलायला तर मिळतो ना? त्यातलाच काढायचा. संपादकाला त्यात फायदा नाही असंही नाही, एरवी त्याच्याकडे वर्षभर येणाऱ्या गठ्ठ्यांतून जे निघत नाही ते समोरच्या माणसाच्या एका वाक्यात कळून जातं कधीकधी.

संमेलनाच्या मांडवात तुमच्या वर्तमानपत्राचाही स्टॉल असतोच. साहित्य महामंडळ आणि स्वागत समिती ठरवतील तेव्हा ठरवतील, पण पहिल्या वर्षी एक टेबल तुमच्या स्टॉलमध्ये टाकायला कोणाची परवानगी लागू नये, पुरवणीचे संपादक एक दिवस बसले तरी चालेल. नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म, पानं गोळा करून संपादकांना पाठवणं, वेळा लावणं हे काम आमच्या मंडळातली आयटीवाली पोरं इथून करून देतील, पैसे नकोत म्हणालेत, मी विचारून ठेवलंय. तारखा नक्की झाल्या की तेवढं कळवा.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी (मूळची डोंबिवलीची)