अळवावरचं पाणी

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. ‘निसर्गासारखा इंजिनिअर नाही, आपण नुसते कॉपीबहाद्दर’ हे तुझं वाक्य वाचलं आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. म्हटलं, एकदा कागदावरच भांडून घ्यावं.

‘अळवावरचं पाणी’ आपण किती सहज म्हणतो! परवा भिंग घेऊन ते बघत बसलो. थेंब पसरतच नाही. पाऱ्यासारखा गोल बसतो आणि पान जरा कललं की वाटेतली धूळ उचलत घरंगळतो. मागे पान कोरडं ठाक. मग पानाचा एक कोपरा बोटाने जोरात चोळला, तर तिथे थेंब फतकल मारून बसला. सगळी करामत वरच्या मेणाची! विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पानं पाहिली, तेव्हा गुळगुळीत पानं आधी धुवावी लागत आणि खडबडीत पानं मात्र मुळातच स्वच्छ निघत. आपली समजूत नेमकी उलटी. मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे, त्यांच्या फटींत अडकलेली हवा, आणि थेंब टेकतो तो फक्त टोकांवर. त्या तत्त्वावरचा भिंतीचा रंग बाजारात यायला 1999 उजाडलं. मधल्या वर्षांच्या खटपटीला तू कॉपी म्हणणार?

जपानच्या बुलेट ट्रेनचंही तसंच. गाडी वेगात बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जायची आणि पलीकडच्या तोंडाशी बार उडाल्यासारखा आवाज व्हायचा. तिथले इंजिनिअर एजी नाकात्सु पक्षीनिरीक्षणाचे शौकीन. त्यांना खंड्या आठवला. हवेतून थेट पाण्यात सूर मारतो, पण पाणी फारसं उडत नाही. तरी चोच आवडली म्हणून गाडीला बसवली, असं झालं नाही. नळीत वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्या सोडून दाब मोजला, तेव्हा कुठे चोचीशी जुळणारा आकार सरस ठरला. 1997 साली ती गाडी ताशी 300 किलोमीटरने धावू लागली. नाक 15 मीटर लांब! खंड्याने पाहिलं असतं तर मान वळवली असती.

आणि जिथे खरंच नुसती नक्कल केली, तिथे आपटलो. किती पिढ्या माणसं हाताला पंख बांधून फडफडली. ग्लायडरने उडणाऱ्या जर्मन ओटो लिलिएंथालच्या डोक्यातूनही ती फडफड पुरती गेली नव्हती, पण कामी आला तो त्याने करकोच्याच्या पंखात हेरलेला बाक.

कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांवरून सुचलेल्या व्हेल्क्रो पट्टीची गोष्ट तुला तोंडपाठ आहे, ती सोडतो. झिम्बाब्वेतल्या हरारेच्या ईस्टगेट इमारतीची मात्र ऐक, मला तीच सगळ्यांत आवडते. मिक पिअर्स या वास्तुविशारदाने वाळवीच्या वारुळावरून कल्पना घेतली. रात्रीची गार हवा आत खेचायची, काँक्रीट थंड करून ठेवायचं, दिवसा तापलेली हवा धुराड्यांतून वर सोडायची. इमारत 1996 मध्ये उभी राहिली आणि नेहमीच्या एसी यंत्रणेविना गार राहिली. पुढे संशोधकांनी वारुळं तपासली, तर आतली हवा तशी धुराड्यासारखी वाहतच नव्हती! वाळवीचा धडा चुकीचा वाचला आणि गणित बरोबर सुटलं. आता यात हुशारी कुणाची, वाळवीची की पिअर्सची? तूच सांग.

हे लिहितोय आणि समोर छताला उलटी पाल आहे. पायाला डिंक नाही की काही नाही. लाखो बारीक तंतू, त्यांच्या टोकांना आणखी फाटे, आणि रेणूरेणूंमधलं क्षीण व्हॅन डर वाल्स आकर्षण, असं 2002 मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं. मला नवल तिच्या चिकटण्यापेक्षा सुटण्याचं वाटतं. बोटं टोकाकडून उलटी सोलत पाय उचलते, पळताना सेकंदात कितीतरी वेळा. आपली चिकटपट्टी चार वेळा लावून काढली की संपली.

थांब, आत्ताच चुकचुकली. तुझ्या बाजूने की माझ्या, देव जाणे. उत्तर लवकर पाठव, आणि पोस्टकार्डावर भागवू नकोस.

तुझा,
अविनाश