मंजे, पुन्हा तोच गरुड

प्रिय मंजू,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, वाढदिवसाला फोन नाही, आणि आता एकदम ही पानंच्या पानं. काय शिव्या घालायच्या त्या आधी घालून घे आणि मग वाच. घरात सांगून पाहिलं, तर अविनाश म्हणाला, "बरं, मग?" म्हणून तुला लिहितेय. तब्येत ठीक. गुडघा आहे तिथेच आहे, गोळी चालू आहे. पुढे.

परवा ऑफिसात प्रशिक्षण होतं. विषय, 'निसर्गाकडून जगायला शिका'. म्हटलं चला, निदान दिवसभर पडद्यावर झाडं तरी दिसतील. आणि मंजे, तिसऱ्याच चित्रात तो आला. चाळिशीचा गरुड! चोच वाकलीय, पिसं जड झालीत, मग हा डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच तोडतो, नखं उपटतो, पिसं उपटतो, दीडशे दिवस कळा सोसतो आणि पुढची तीस वर्षं ताठ मानेने जगतो. सरांसमोर ही गोष्ट सांगण्याचं धाडस पक्याने केलं होतं, त्यानंतर त्याचं जे झालं ते आठवलं आणि हसू दाबताना मला ठसका लागला. शेजारच्या बाईंनी पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, मी गहिवरले.

टाळ्या संपल्यावर प्रत्येकाला एक कागद दिला, 'मी कोणती पिसं उपटून टाकणार?' आणि दुपारच्या सत्रात स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज. गरुड कुणाच्या पगारावर होता ते तेव्हा कळलं.

इथपर्यंत फोनवर सांगून हसता आलं असतं. गोम पुढे आहे. मला सही करावीशी वाटतेय.

म्हणजे बघ, गोष्ट खोटी आहे हे मला झोपेतही सांगता येईल. अमेरिकेत पांढऱ्या डोक्याच्या एका गरुडाच्या पायात तो पिल्लू असताना, १९७७ मध्ये, वळं घातलं होतं. २०१५ मध्ये गाडीची धडक बसून तो मेला, तेव्हा अडतीस वर्षांचा होता आणि त्या जातीतल्या मोकळ्या पक्ष्यांमध्ये तोवरची ती सगळ्यात मोठी नोंद ठरली. म्हणजे चाळिशीत आयुष्याचा फेरविचार करायला गरुड मुळात उरतोय कुठे? चोच तर रोज झिजते आणि रोज वाढते, ती तोडून बसला तर उपाशी मरेल. हे सगळं माहीत असूनही त्या खुर्चीत बसल्या बसल्या पोटात कालवाकालव झाली. कुणीतरी येऊन 'सगळं टाक' म्हणावं याची मी किती दिवस वाट बघत होते कोण जाणे. त्या ऑफिसात आता मी काय करते हे तुला एका वाक्यात सांगता येणार नाही, आणि मला दोन वाक्यांतही येत नाही, यातच सगळं आलं.

संध्याकाळी गच्चीवर गेले. समोरच्या टाकीवर एक घार येऊन बसते, तिची पिसं सध्या झडताहेत. ती उडाली की दोन्ही पंखांत साधारण एकाच जागी फट दिसते, डावीकडचं पीस गळलं की उजवीकडचं त्याच्या जोडीचंही गळतं, त्यामुळे तोल जात नाही. ते भरत आलं की शेजारचं. मोठ्या गरुडांना तर सगळी पिसं बदलायला दोन-दोन, तीन-तीन वर्षं लागतात. तेवढ्यात शिकार चालू, पिल्लं चालू, भांडणं चालू. अंगावर एकाच वेळी यंदाचं पीस, गेल्या वर्षीचं आणि त्याच्याही आधीचं. खरा गरुड हा असा, आणि त्याच्यावर टाळ्या पडत नाहीत.

तिचं एक पीस गच्चीवर सापडलं, ते आत्ता समोर आहे. तिरप्या उजेडात धरलं की फिकट-गडद पट्टे दिसतात, आठवतं? एक फिकट नि एक गडद मिळून एक दिवस-रात्र. पण टोकाकडून बोटभर खाली एक बारीक रेघ आहे, आरपार उजेड येतो इतकी विरळ. तिथे तंतूंची वीण बसलेलीच नाही. पीस वाढत असताना उपास घडला किंवा काही जबर धसका बसला की अशी रेघ उमटते, आणि ते पीस गळेपर्यंत ती पुसली जात नाही. पीस मोडलं तर बहुतेक तिथेच मोडतं. ही घार त्या रेघेसकट उडत होती. मी ते पीस पंधरा मिनिटं फिरवत बसले होते, तर चिरंजीव म्हणाले, "आई, ठीक आहेस ना?"

आता तू म्हणणार, शुभे, तुला हवं तेच उदाहरण तू निवडतेस. सगळं एकदम टाकणारेही आहेतच की. आहेत ना! त्यांच्यामुळेच तर झोप उडालीय. बदकं आणि हंस उडायची पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे जमिनीला खिळतात. पण कुठे टाकतात? खायला पाण्यातच मिळेल आणि लपायला वेत-लव्हाळी असतील अशा जागी जाऊन. पुष्कळ जातींतले नर तर त्याआधीच भडक रंग उतरवून मादीसारखे मळकट होतात, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. पेंग्विन आधी समुद्रात पोटभर चरून जाडजूड होतात, मग किनाऱ्यावर उभे राहून सगळी पिसं बदलतात. तोवर पाण्यात उतरता येत नाही, म्हणजे कडकडीत उपास. एम्परर पेंग्विनचा तो महिनाभर चालतो आणि वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. आणि धनेशाची मादी! स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि कित्येक जातींत तिथेच उडायची पिसं एकदम टाकते, कारण बाहेरून नर फटीतून फळं भरवत असतो. आमच्या धनेशाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्यामुळे तो मार्ग बाद.

म्हणून तुझ्यावर येते. तीन वर्षांपूर्वी तू राजीनामा दिलास तेव्हा मी जे बोलले ते मी अजून मागे घेत नाही, आणि 'तू जन्मभर कुंपणावर बसणार' असं तू म्हणालीस तेही मी विसरलेली नाही. पण परवापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. तू तेव्हा गरुड झाली होतीस की पेंग्विन? तू आम्हा सगळ्यांना गरुडाची गोष्ट सांगितलीस, 'एका रात्रीत ठरवलं' वगैरे. मला आता दाट संशय आहे की तू त्याआधी दोन वर्षं गुपचूप चरबी साठवत होतीस. (वजनाबद्दल बोलत नाहीये. अर्थात, त्याबद्दलही बोलता येईल.) खरं काय ते सांग. हिशोब सांग, हिंमत नको सांगू.

मुंग्यांचंही ऐक, हे तुला आवडेल. प्रशिक्षणात मुंगी होतीच, उद्योगी, शिस्तबद्ध, कधी न थकणारी. ॲरिझोना विद्यापीठात शार्बोनो आणि डॉर्नहाउस यांनी मुंग्यांच्या एका जातीच्या पाठीवर रंगाचे ठिपके लावून एकेकीवर नजर ठेवली, तर सुमारे ४० टक्के कामकरी मुंग्या बहुतेक वेळ नुसत्या बसलेल्या. मग सगळ्यात कामसू २० टक्के काढून घेतल्या, तर आठवड्याच्या आत या बसलेल्यांनी उठून काम उचललं. बसलेल्याच काढून घेतल्या, तेव्हा मात्र त्यांची जागा घ्यायला कुणी आलं नाही. हे मी हात वर करून सांगितलं. वक्ते म्हणाले, "छान माहिती," आणि पुढचं चित्र लावलं, सगळ्यांवर दादागिरी करून कळप चालवणारा लांडग्यांचा म्होरक्या. त्यावर गप्प बसले. ती कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून निघाली, ती गाजवणाऱ्या डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकानेच नंतर ती खोडून काढायला वर्षानुवर्षं घालवली आणि रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप नि पोरं, हे मी सांगायला लागले असते तर साहेबांचा चेहरा बघवला नसता. गेल्या वर्षीपासून ते स्वतःला तसलंच काहीतरी समजतात.

त्या ४० टक्क्यांत मी आहे असं ऑफिसने ठरवलंय, हे उघड आहे. राग त्याचा नाही. राग याचा, की ते नुसतं सांगता आलं असतं, त्यासाठी बिचाऱ्या पक्ष्याची चोच कशाला फोडायची? आणि मग मलाही तीच खोड आहे, हेही दिसतं. मी घारीकडे बघून 'थांब, एकेक पीस बदल' ऐकतेय, कारण मला भीती वाटते. कुक्कूचं पिल्लू दुसऱ्याच्या घरट्यातली अंडी पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं, त्याच्याकडून कुणी काही शिकायला जात नाही.

तरी घार मला पटते. सध्या माझं मत असं आहे: सही या खेपेला नाही. तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस ते नकाशांचं काम, असं मागून बघायचं. नाही म्हणाले तर पुढचं पुढे. पण हे लिहितानाच अर्जावरची तारीख दिसते आणि पुन्हा वाटतं, टाकून द्यावं सगळं.

तुझं कसं चाललंय? आईंचं ऑपरेशन नीट झालं ना? त्यांना नमस्कार सांग. ओवीचा निकाल लागला असेल, अभिनंदन कर तिचं, आणि नसेल बरा लागला तर करू नको. गळतीचं काम झालं का?

अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. त्याआधी लिही. फोन करू नको, फोनवर तू हसवतेस आणि मुद्दा राहून जातो. राजीनाम्याआधी काय काय साठवलं होतंस, कुणाला आधी सांगितलं होतंस आणि पहिले सहा महिने खरोखर कसे गेले, एवढं तरी लिही.

तुझी,
शुभा

ता.क. दुर्बीण माझ्याकडेच आहे. ती तुझी आहे असं तू पुन्हा लिहिलंस तर मी सरळ नाकबूल जाईन.