अंगठा, मनगट आणि तुझं तोरण

सांगली,
१४ ऑक्टोबर

प्रिय सुमन,

पत्र पोचलं. नुसतं ‘हात दुखतो’ असं न लिहिता नेमकी जागा सांगितलीस हे फार बरं केलंस. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो तिथे दाबलं की कळ, क्रोशाची सुई धरताना कळ, नातवाला पाळण्यातून उचलताना तर डोळ्यांत पाणी. मुंग्या नाहीत, बोटं बधिर नाहीत. यावरून ते बहुधा डी क्वेर्वेन असावं. १८९५ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या स्विस सर्जनचं ते नाव. अंगठा बाहेर आणि वर नेणाऱ्या दोन शिरा (डॉक्टर त्यांना कंडरा म्हणतील) त्या उंचवट्यावरच्या अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याचं आवरण जाड झालं की शिरा आत घासायला लागतात.

घरी एकदा, अगदी हलक्या हाताने करून बघ. अंगठा तळहातावर दुमडून बाकीची बोटं त्याच्यावर मिट आणि मनगट करंगळीच्या बाजूला थोडं झुकव. तिथेच चर्रकन कळ आली तर संशय पक्का. जोर लावू नकोस आणि पुन्हापुन्हा करत बसू नकोस, त्यानेच सूज वाढते.

आता ही हाताची ठेवण लक्षात ठेव, कारण दिवसभर तू तेच करतेस. घट्ट विणीतून सुई ओढून काढताना अंगठा सुईवर दाबलेला असतो आणि मनगट करंगळीकडे वळतं. चादर पिळताना तसंच. बाळाच्या काखेत हात घालून उचलताना अंगठे ताणलेले आणि सगळं वजन मनगटाला खाली ओढतंय. म्हणून ‘आठ दिवस क्रोशा बंद ठेवला तरी थांबलं नाही’ हे वाचून मला नवल वाटलं नाही. क्रोशा बंद होता, पिळणं आणि उचलणं चालूच होतं ना!

बाळाला उचलताना तळहात वर करून एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली घालायचा, भार कोपरापर्यंतच्या हातावर यायला हवा. कपडे नळाला अडकवून पिळायचे तर तेही नको, तसेच निथळत टाक. मोबाइलवर अंगठ्याने लिहिण्याऐवजी बोलून निरोप पाठव.

पट्टा घ्यायचा तर अंगठा आणि मनगट दोन्ही धरणारा घे. मेडिकलमध्ये बहुतेक वेळा नुसती इलॅस्टिकची मनगटपट्टी हातात ठेवतात. तिने अंगठा मोकळाच राहतो आणि दुखणं तसंच. मनगटाचा घेर मोजून ने. सुरुवातीचे तीन-चार आठवडे दिवसा बराच वेळ आणि रात्रीही वापर, पण दिवसातून दोन-तीनदा काढून अंगठा दुखणार नाही इतपत हलवत राहा, नाहीतर आखडतो. सूज गरम लागत असेल तर नॅपकिनमध्ये गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. डायक्लोफेनॅकचं जेल लावलंस तर वरून शेक किंवा घट्ट गुंडाळी नको. आणि हात धुतल्याशिवाय पांढऱ्या दोऱ्याला शिवू नकोस!

सुईचं सांगते. एक मिलिमीटरची स्टीलची सुई इतकी बारीक की ती धरायलाच चिमटीचा जोर लागतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची दीड सेंटिमीटर रुंद पट्टी काप आणि दांड्यावर तिरकी गुंडाळत १२ ते १४ मिलिमीटर जाडी येऊ दे, म्हणजे जवळपास मार्कर पेनाएवढी. सुईच्या टोकाच्या आकड्याकडून तीन सेंटिमीटर दांडा उघडाच ठेव. तो झाकला तर टाके पुढे सरकत नाहीत, अडकतात आणि तू परत ओढायला लागशील. रबराचा काळा रंग दोऱ्याला लागतो, म्हणून वरून जुन्या सुती साडीची एक पट्टी गुंडाळून टोक शिवून टाक.

घट्ट विणायची तुझी सवय मात्र सुई जाड करून जाणार नाही. मर्सराइज्ड (चमक आणलेला सुती) दोरा लोकरीसारखा ताणला जात नाही, त्यामुळे जे ताणायचं ते हाताला ताणावं लागतं. एक नंबर मोठी, म्हणजे सव्वा मिलिमीटरची सुई घे आणि आधी दहा सेंटिमीटरचा नमुना विणून बघ. रुखवतासाठी विणतेस ते तोरण थोडं मोठं होईल, खांब (विणीतले उभे टाके) जरा सैल दिसतील, पण खळ दिल्यावर कळणारही नाही. करंगळीभोवती दोऱ्याचे दोन वेढे घेतेस तिथे एकच घे. मांडीवर उशी ठेव, विणलेला भाग लोंबकळत राहिला की त्याचं वजन डाव्या हाताला ओढतं. वीस मिनिटं झाली की सुई खाली. घड्याळाकडे लक्ष जात नाही हे मला माहीत आहे, म्हणून टायमर स्वयंपाकघरात लाव, बंद करायला उठावंच लागेल.

सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, पुष्कळांना त्याने आराम पडतो. तुला मधुमेह आहे हे आधीच सांग, काही दिवस साखर वाढते. टोचलेल्या जागी कातडी फिकट पडू शकते. त्यानेही न भागल्यास तो बोगदा मोकळा करायची छोटी शस्त्रक्रिया असते, जागा बधिर करून.

रात्री अंगठा आणि पुढच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग यायला लागली तर ते वेगळं, मनगटातली नस दबतेय. सकाळी बोट वाकलेलंच अडकून टक्कन उघडलं तर तेही वेगळं, आणि मधुमेहात ते जास्त दिसतं. दोन्ही हात सुजून सकाळी तासभर मूठच वळेना तर संधिवाताच्या डॉक्टरांना गाठायला उशीर करू नकोस.

रुखवताचं म्हणशील, तर तोरण आणि दोन रुमाल एवढंच घे, टेबलक्लॉथला आत्ताच नाही म्हण. तोरणाच्या कळ्या सुट्या विणून शेवटी जोडायच्या असतील तर मला मोजून संख्या आणि दोऱ्याचा नंबर कळव. अर्ध्या मी विणून पाठवते. फक्त तुझ्या नमुन्याची एक कळी पाकिटात घाल, माझा हात तुझ्यापेक्षा सैल आहे.

तुझी,
मीना