बाबांच्या हाती काम देणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला खासगीत पाठवता आले असते. परंतु हिवाळ्यात मुलांकडे अमेरिकेत येऊन चार भिंतींत बसून राहणारे आईवडील आज मराठी घरोघरी आहेत, आणि त्यांच्या दिवसांना अर्थ कसा देता येतो हे तुम्ही आम्हाला दाखवलेत, म्हणून तुमचे आभार सर्वांसमक्ष मानावेत असे आम्हा सगळ्यांना वाटले. तुमचे नाव व तुमच्या रँचचे, म्हणजे जनावरे पाळून पाहुणेही ठेवणाऱ्या शेताचे, नाव लिहू नये ही तुमची इच्छा मी पाळली आहे.

डेन्व्हरच्या गणेशोत्सवात आपली ओळख झाली तेव्हा तुम्ही मूळच्या नाशिकच्या, उन्हाळ्यात घोड्यांवरून पाहुण्यांना डोंगरात नेणाऱ्या आणि हिवाळ्यात त्याच डोंगरात स्कीइंग शिकवणाऱ्या, एवढेच मला समजले होते. माझे वडील कोरेगाव तालुक्यातले शेतकरी. घरची जनावरे विकल्यापासून ते अबोल झाले होते, आणि आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून बर्फ पाहत त्यांचा दिवस जात असे. हे ऐकल्यावर तुम्ही "त्यांना फिरायला घेऊन या" असे म्हणाला नाहीत. "त्यांना आमच्याकडे वैरणीच्या वेळेला घेऊन या," असे म्हणालात.

कोलोरॅडोतल्या स्टीमबोट स्प्रिंग्ज गावाच्या उत्तरेला एल्क नदीच्या खोऱ्यात आम्ही पोहोचलो त्या संध्याकाळी बाबांनी विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता की पाहुण्यांचे ठीक आहे, पण या बर्फात शेत कसे चालते? तुम्ही त्या प्रश्नाला इतक्या आस्थेने उत्तर दिलेत की जेवणे थंड झाली. तुम्ही सांगितलेत की पाहुणे ठेवणे हा या भागातल्या शेतीचा जुना जोडधंदा आहे. ईटन बंधूंनी डकोटातल्या आपल्या रँचवर 1880 च्या दशकात पैसे घेऊन पाहुणे ठेवायला सुरुवात केली आणि 1926 पर्यंत अशा रँचमालकांची स्वतंत्र संघटनाही उभी राहिली. मग तुम्ही वर्षाचे चक्र उलगडलेत. मे-जूनमध्ये बर्फ वितळले की पाटाचे पाणी कुरणांत सोडायचे, जुलै-ऑगस्टमध्ये गवत कापून, वाळवून, गठ्ठे बांधून गंज्या रचायच्या, शरद ऋतूत अ‍ॅस्पेनच्या झाडांची पाने पिवळी झाली की घोड्यांचे नाल काढायचे, आणि डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत स्कीसाठी येणाऱ्या पाहुण्यांची सोय पाहायची. एप्रिल आणि नोव्हेंबर हे चिखलाचे व रिकामे महिने. तेव्हा निम्मी माणसे दुसरीकडे कामाला जातात आणि उरलेली कुंपणे व छपरे दुरुस्त करतात. वर्षभर लसूणघासाच्या कापण्या घेणाऱ्या बाबांना, एवढ्या उंचीवर गवताची एकच कापणी मिळते आणि तिच्यावर सगळा हिवाळा काढावा लागतो, हे ऐकून फार वाईट वाटले होते.

पाण्याच्या हक्काविषयी तुम्ही जे सांगितलेत ते तर बाबा आजही गावात सांगत असतात. ज्याने आधी पाणी वापरात आणले त्याचा हक्क आधी, हे तत्त्व कोलोरॅडोच्या 1876 च्या राज्यघटनेत आहे, आणि टंचाईच्या वर्षी नंतरच्या हक्कवाल्याचा पाट बंद होतो, मग त्याचे शेत नदीच्या कितीही जवळ असो. धोमच्या कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना याहून जवळचा विषय दुसरा नव्हता. डोंगरावरचे बर्फ हेच इथले धरण आहे, ते वितळून एल्कमधून याम्पा नदीत, याम्पातून ग्रीन नदीत आणि ग्रीनमधून कोलोरॅडो नदीत उतरते आणि त्या नदीच्या पाण्यावर सुमारे 4 कोटी लोक अवलंबून आहेत, हे कळल्यानंतर खिडकीबाहेरचे बर्फ त्यांना परके राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास असताना, तुम्ही त्यांना लोकरीचे दोन थर, टोपी आणि तुमच्या यजमानांचे बूट दिलेत आणि थोराड घोड्यांची जोडी जुंपलेल्या स्लेजवर, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या बिनचाकी गाडीवर, आपल्याशेजारी बसवलेत. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के गवत लागते, थंडी वाढली की त्याहून अधिक, कारण पोटात गवत आंबते तेव्हा निर्माण होणारी उष्णताच त्याला उबदार ठेवते, हे तुम्ही सांगत होतात आणि बाबा गठ्ठ्याची दोरी कापून थर सुटे करत होते. टाकलेल्या ढिगांत पुरेसे अंतर ठेवायचे, म्हणजे दांडगे घोडे दुबळ्यांना हुसकावत नाहीत, हे त्यांना सांगावे लागले नाही.

त्या दिवशीची जी गोष्ट मला विशेष नोंदवायची आहे ती अशी. सगळे घोडे गवताला लागले होते आणि एक म्हातारा तांबडा घोडा कुंपणाशी उभा होता. बाबांनी तो तुमच्या आधी पाहिला. ते स्लेजवरून उतरले, हातमोजा काढून त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग कुशीला कान लावून बराच वेळ उभे राहिले आणि "पोट बोलत नाही," एवढेच म्हणाले. गायीम्हशींच्या अनुभवावर घोड्याविषयी बोलणाऱ्या पाहुण्याचे म्हणणे बाजूला सारणे सोपे होते. तुम्ही तसे केले नाहीत. तुम्ही स्वतः दोन्ही कुशींना कान लावलात, पशुवैद्यांना दूरध्वनी केलात, आणि त्यांनी येऊन पोटशुळाची सुरुवात असल्याचे सांगितले. कडाक्याच्या थंडीत पाणी कमी प्यायल्याने कोरडे गवत आतड्यात अडकू लागले होते. वेळेवर उपचार झाल्याने घोडा वाचला. त्यानंतर आम्ही निघेपर्यंत हौदावरचा बर्फाचा पापुद्रा फोडण्याचे आणि कोण किती पाणी प्याले ते पाहण्याचे काम तुम्ही बाबांकडे सोपवलेत. ताई, पाहुण्याचा मान देणारे आम्हाला अनेक भेटले, शेतकऱ्याचा मान तुम्ही दिलात, आणि या पत्राचे खरे कारण हेच आहे.

स्कीइंग तुम्ही मला आणि माझ्या मुलाला शिकवलेत, त्याचेही ऋण मोठे आहे. आधी काठ्यांशिवाय, सपाट कुरणावर, रात्री यंत्राने पाडलेल्या दोन चाकोऱ्यांतून चालायला लावलेत, कारण तोल काठ्यांवर नव्हे तर एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन पूर्ण टाकण्यावर अवलंबून असतो. पडल्यावर कुशीवर वळून, दोन्ही स्की उताराला आडव्या करून, गुडघ्यावर येऊन उठायचे, हे तुम्ही इतक्या शांतपणे करवून घेतलेत की मुलाची पडण्याची भीतीच गेली. स्कीला बर्फावर पकड यावी म्हणून मेण लावतात, त्या मेणाच्या खोलीत तुम्ही त्याच्या हाती बुचाचा ठोकळा दिलात: कडक थंडीला हिरवे मेण, थोडी कमी झाली की निळे, शून्याच्या आसपास जांभळे नाहीतर तांबडे, आणि स्कीच्या मधल्या भागावर पातळ थर देऊन तो चमकेपर्यंत घासायचा. बाबांनी स्की बांधायला नकार दिला तेव्हा तुम्ही आग्रह धरला नाहीत, त्यांना बर्फावर चालायची जाळीदार पादत्राणे दिलीत आणि आमच्या चाकोरीच्या कडेने त्यांच्याबरोबर चालत राहिलात.

त्याच वाटेवर तुम्ही या खेळाचा इतिहासही सांगितलात. 1860 च्या दशकात फादर डायर नावाचे धर्मोपदेशक मॉस्किटो खिंडीतून लांबलचक लाकडी स्कीवरून टपाल नेत असत, आणि 1913 मध्ये कार्ल हॉवेल्सन हे नॉर्वेचे स्कीपटू स्टीमबोटला आले, ज्यांच्या पुढाकाराने दुसऱ्याच वर्षी तिथला हिवाळी उत्सव सुरू झाला. त्या उत्सवात आजही भर रस्त्यावर घोडे स्कीवरच्या मुलांना ओढत धावतात, हे ऐकून रँचचे दोन ऋतू एकमेकांपासून वेगळे नाहीत हे मला पटले.

तुम्ही दिलेल्या एका नकाराबद्दलही मी आभार मानते. चाकोरी सोडून वरच्या उतारावर जाण्याचा हट्ट आम्ही धरला होता. तुम्ही राज्याच्या हिमस्खलन (उतारावरून बर्फाचे थर कोसळणे) माहिती केंद्राचे त्या दिवसाचे पत्रक वाचून दाखवलेत आणि तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उताराखालीही आज कोणी जाणार नाही असे ठामपणे सांगितलेत. मग कुरणाच्या कडेला फावड्याने खड्डा खणून थर दाखवलेत. हंगामाच्या आरंभी पडलेल्या पातळ बर्फाचे निरभ्र, गोठवणाऱ्या रात्रींत सुटे दाणे झाले होते, ते बाबांच्या मुठीतून साखरेसारखे ओघळले, आणि त्यांच्यावर नव्या बर्फाचा जड थर बसला होता, म्हणजे उतारावर तो केव्हाही घसरला असता. पैसे भरून आलेल्या पाहुण्यांना नाही म्हणण्याचे धैर्य हंगामी नोकरीत सोपे नसते याची मला जाणीव आहे.

बाबा आता गावी परतले आहेत. शेजाऱ्याच्या गोठ्यात रोज सकाळी जाऊ लागले आहेत, आणि फोनवर तांबड्या घोड्याची चौकशी माझ्या चौकशीच्या आधी करतात. जुलैत गवतकापणीला येण्याचे तुमचे निमंत्रण त्यांनी स्वीकारले आहे. गंजी रचण्याचे काम मिळणार असेल तर तिकीट काढावे, असे तुम्हाला कळवायला त्यांनी सांगितले आहे. तुमच्या यजमानांसाठी ते घोंगडी आणणार आहेत, तिची लांबी किती असावी ते कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ,
कोरेगावच्या शेतकऱ्याची मुलगी