भूकंपाच्या बातमीत खोली छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोयनेच्या बाजूला किंवा डहाणू-तलासरीकडे जमीन हलली की दुसऱ्या दिवशी नकाशा छापून येतो आणि त्यावर एक लाल रेघ असते. मग चिपळूण-संगमेश्वरच्या नाक्यांवर एकच चर्चा: रेघ आपल्या वाडीवरून जाते की शेजारच्या? या रेघेने लोकांची दिशाभूल होते, म्हणून हे पत्र.

प्रस्तरभंग, ज्याला बातमीत फॉल्ट म्हणतात, तो जमिनीत बहुधा तिरपा उतरत गेलेला असतो. कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. नकाशावरची रेघ म्हणजे नुसते आढे. खडक सरकतो तो खाली उतरलेल्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवर. पाख्याचा उतार ६० अंशांचा आणि भूकंप ८ किलोमीटर खोल असेल, तर केंद्रबिंदू, म्हणजे भूकंपाच्या थेट वरची जमिनीवरची जागा, रेघेपासून सुमारे साडेचार किलोमीटर बाजूला पडतो. उतार ४५ अंशांचा असेल तर पुरते ८ किलोमीटर. तेव्हा रेघ दूर आहे म्हणून निर्धास्त राहणे चूक आणि रेघ अंगणातून जाते म्हणून जमीन विकायला काढणेही चूक.

उतार आणि सरकण्याची दिशा बदलली की भूकंपाची जातच बदलते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य अशा, जवळजवळ उभ्या प्रस्तरभंगावर झाला. एका बाजूला उभे राहिले तर पलीकडची बाजू डावीकडे सरकली. दोनाचीवाडीजवळ जमिनीवर तुटक, तिरक्या भेगा पडल्या होत्या. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी एक बाजू दुसरीवर चढली. आणि भूजला, २६ जानेवारी २००१ रोजी, इतका मोठा भूकंप होऊनही मुख्य भंग वरपर्यंत आलाच नाही. तिथे रेघ काढणार कुठे?

हा पाखा कुणाला दिसत नाही, तो भूकंपमापक यंत्रांच्या नोंदींतून काढावा लागतो. प्राथमिक लहर आधी येते, दुय्यम मागून. दोहोंतल्या सेकंदांना ८ ने गुणले की किलोमीटरमध्ये ढोबळ अंतर मिळते: ७ सेकंदांचा फरक, तर सुमारे ५६ किलोमीटर. एका नोंदणी केंद्रावरून फक्त वर्तुळ मिळते. जागा, खोली आणि वेळ एकत्र काढायची तर निदान चार केंद्रे लागतात, आणि तीही चारही बाजूंना. कोकणची खरी अडचण इथे आहे. पश्चिमेला समुद्र, तिकडे केंद्रच नाही. सगळी माहिती पूर्वेकडून येते, त्यामुळे किनाऱ्याजवळच्या धक्क्याची जागा पूर्व-पश्चिम दिशेत सहज सरकते. प्राथमिक लहर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जाते, म्हणून घड्याळ एका सेकंदाने चुकले तरी तेवढा फरक पडतो. शिवाय वर काळा कातळ, खाली ग्रॅनाइट. दोहोंत लहरींचा वेग वेगळा. कोयना परिसरातील गोठणे येथे खणलेल्या तीन किलोमीटर खोल विंधन-छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटरनंतर ग्रॅनाइट लागला. वेग चुकीचा धरला तर धक्क्यांच्या जागा दाखवणारे सगळे ठिपके खालीवर होतात आणि त्यांतून काढलेला उतारही बिघडतो.

खोली सर्वांत नाजूक. सर्वांत जवळचे केंद्र भूकंपाच्या खोलीपेक्षा फार लांब असेल तर खोली भरवशाची निघत नाही. अशा वेळी बऱ्याचदा १० किलोमीटर हा ठोकताळा बसवला जातो आणि बातमीत तो मोजलेला आकडा म्हणून येतो. डहाणू-तलासरीकडच्या धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा गावाजवळ यंत्रे बसवावी लागली ती यासाठीच.

यंत्र बसवणेही सोपे नाही. जांभ्यावर ठेवून चालत नाही. तो सच्छिद्र, सैल. खणून कातळ गाठावा लागतो. माडाच्या बुंध्यालगत नको, वाऱ्याने झाड हलले की मुळे जमीन हलवतात. रेल्वेमार्ग आणि चिऱ्याची खाण दूर हवी. पावसाळ्यात लाटांची घरघर प्रत्येक नोंदीत असतेच. खाणीतला सुरुंग मात्र ओळखता येतो: तो सगळीकडे बाहेर ढकलतो, म्हणून प्रत्येक केंद्रावर पहिली हालचाल वरच असते. प्रस्तरभंग सरकला तर कुठे वर, कुठे खाली. या वर-खालीतूनच पाख्याचा उतार निघतो, पण उत्तरे दोन येतात, एकमेकांना काटकोनात. खरे कोणते, ते नंतरच्या छोट्या धक्क्यांचे ठिपके कोणत्या पाख्यावर बसतात यावरून ठरते.

आता परिषदांविषयी. ‘परिषदेत सादर’ एवढ्यावर मथळा करू नये, ही आमची कळकळीची विनंती. परिषदेचा सारांश काही महिने आधी पाठवावा लागतो, अनेकदा विश्लेषण अर्धे असताना. बोलायला बारा-पंधरा मिनिटे, त्यातच प्रश्न. पोस्टर लावणारा विद्यार्थी तासन्‌तास उभा राहून समजावतो आणि तिथेच कुणी विचारते, केंद्रे किती, कोणत्या बाजूला मोकळे, वेग कोणता धरला. त्या एका प्रश्नाने उतार २० अंशांनी बदलू शकतो. परिषद त्यासाठीच असते, आणि ती उपयोगाची आहे. पण तपासून छापलेला शोधनिबंध येईपर्यंत तो उतार कच्चाच समजावा. वार्ताहरांनी संशोधकाला हेच तीन प्रश्न विचारावेत.

नकाशा छापायचाच तर रेघेऐवजी पट्टा छापा. खोली आणि तिच्यात संभवणारी चूक मथळ्याखालीच द्या; खोली ठरवून धरलेली असेल तर तसे लिहा. संशोधकांनाही एक सांगणे आहे. ज्या शाळेच्या आवारात किंवा देवळामागे यंत्र पुरले, त्या ग्रामपंचायतीत तेच पोस्टर मराठीत लावा, परिषदेहून परतल्यावर त्याच महिन्यात. त्यावर रेघ नको. पाखा बाजूने कापून दाखवलेले चित्र काढा आणि गाव त्याच्या नेमके कुठे येते ते खूण करून दाखवा.

आपले,
भूशास्त्राचे दोन अध्यापक, रत्नागिरी जिल्हा